दुसऱ्या यादीतल्या परिचारिका

१९१९ साली ब्रिटिश संसदेने परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला, पण रुग्णालये नुसत्या नोंदणीकृत परिचारिकांवर कधीच चालली नाहीत. अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे ही कामे, आणि गरज पडली की त्यापुढचीही, नोंदणी नसलेल्या सहायक स्त्रिया करत. महायुद्धात टंचाई तीव्र झाली तेव्हा १९४३च्या कायद्याने त्यांच्यासाठी दुसरी यादी उघडली. या यादीचे शिक्षण पुढे दोन वर्षांचे ठरले, नोंदणीकृत परिचारिकेचे तीन. १९६१मध्ये पदनामातला ‘सहायक’ हा शब्द काढला गेला, तरी दर्जा धाकटाच राहिला. युद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कितीतरी तरुणींना, पात्रता असूनही, याच दोन वर्षांच्या शिक्षणाकडे वळवण्यात आले. ते शिक्षण त्यांच्या मायदेशी अनेक ठिकाणी चालत नसे, म्हणजे परतीची वाटही अडली. वॉर्डात मात्र त्यांच्यावर नोंदणीकृत परिचारिकेइतकी जबाबदारी सर्रास टाकली जाई. हा अन्याय होता, आणि तो रुग्णालयांच्या सोयीचा होता.

कमी-अधिक शिकलेल्यांनी एकत्र काम करण्यात मला काहीच वावगे दिसत नाही. धाकट्या पायरीवरच्या व्यक्तीला शिक्षण, नोंद आणि बढती नाकारायची आणि तिच्याकडून वरच्या पायरीचे काम करून घ्यायचे, इथे घडी बिघडते. १९८६च्या ‘प्रोजेक्ट २०००’ या योजनेने दुसऱ्या यादीचे शिक्षण बंद करण्याचे ठरवले. विद्यार्थिनींना वॉर्डच्या मनुष्यबळातून मोकळे करून त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याचा हेतू चांगला होता. पण वॉर्डातली कामे उरलीच. ती हेल्थकेअर असिस्टंट म्हणवणाऱ्या सहायकांकडे गेली, आणि त्यांना तर कुठलीच यादी नव्हती.

ही कामे साधी आहेत, ती कोणीही करावीत, असा युक्तिवाद नेहमी होतो. पण रुग्णाचे अंग पुसतानाच शय्याव्रणाची पहिली लाली दिसते, भरवताना गिळण्यातली अडचण कळते, बोलण्यातला गोंधळ लक्षात येतो. जाणता डोळा तिथून हलवला की परिचारिकेच्या हाती फक्त तक्ता उरतो, आणि इतरांनी केलेल्या कामाची जबाबदारी मात्र तिच्याच शिरावर राहते. सहा युरोपीय देशांतल्या २४३ रुग्णालयांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. दर २५ रुग्णांमागे एका व्यावसायिक परिचारिकेच्या जागी सहायक असेल, तर मृत्यूची शक्यता २१ टक्क्यांनी अधिक आढळली. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असताना, सहायक नेमल्याने नुकसान होत नाही हे दाखवण्याचा भार काटकसर करणाऱ्यांवरच पडायला हवा.

परिचारिकाच मिळत नाहीत, मग सहायक नेमायचे नाहीत काय? जरूर नेमावेत, पण परिचारिकांच्या जोडीला, आणि शिकवून. स्टॅफर्ड रुग्णालयातल्या हेळसांडीची चौकशी करणाऱ्या रॉबर्ट फ्रान्सिस यांनी २०१३च्या अहवालात अशा सहायकांच्या नोंदणीची शिफारस केली होती. इंग्लंडमध्ये २०१९पासून दोन वर्षे शिकलेल्या ‘नर्सिंग असोसिएट’ची नोंद होऊ लागली, म्हणजे दुसरी यादी परत आली. हेल्थकेअर असिस्टंटची वैधानिक नोंदणी मात्र झालेली नाही.