शब्दाची शिस्त : सुरतेचा एक प्रसंग आणि उद्याचे अधिकारी

सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून असलेल्या मराठी कुटुंबांना एक प्रश्न चांगलाच परिचयाचा आहे. ‘तुमच्या शिवाजी महाराजांनी आमचे शहर का लुटले?’ असे शेजारचा गुजराती स्नेही हसत हसत विचारतो. मग आम्ही शायिस्तेखानाने उजाड केलेला पुणे प्रांत, रिकामा झालेला खजिना आणि मोगल बादशाहीच्या या सर्वांत श्रीमंत बंदराचे महत्त्व अशी कारणे सांगू लागतो. ती खरीच आहेत. पण आज त्या मोहिमेच्या कारणांकडे न वळता तिच्यातील एका प्रसंगाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. आपल्यापैकी कित्येकांची नातवंडे आज बालाछडीच्या सैनिक शाळेत शिकत असतील किंवा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची तयारी करीत असतील. २०२२ पासून त्या प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. या मुलामुलींच्या हाती शस्त्र येण्याच्या कितीतरी आधी मोबाइल फोन आलेला आहे. हा प्रसंग त्यांच्यासाठी आहे.

जानेवारी १६६४. मराठी फौज सुरतेच्या वेशीवर येताच मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्याच्या आश्रयाला गेला. तेथून त्याने तहाच्या बोलण्याचे निमित्त करून एक तरुण वकील महाराजांकडे पाठविला. बोलता बोलता त्या वकिलाने खंजीर उपसून महाराजांवर झेप घेतली. अंगरक्षकाने त्याचा हात तलवारीने तोडला, परंतु धावण्याच्या वेगाने तो महाराजांवर जाऊन आदळला आणि दोघेही खाली पडले. महाराजांच्या अंगावरील रक्त पाहून, राजे मारले गेले, अशी हाकाटी छावणीभर झाली आणि पाठोपाठ, कैद्यांची कत्तल करा, असा ओरडा उठला. महाराज उठून उभे राहिले आणि त्यांनी ती कत्तल थांबविली. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज त्या वेळी छावणीत कैदेत होता. त्याच्या तोंडून मिळालेली ही हकिगत इंग्रजांनी लिहून ठेवली. त्यानंतर चार कैद्यांची डोकी आणि चोवीस जणांचे हात तोडण्यात आले, अशीही नोंद त्याच हकिगतीत आहे. ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. इतिहास सांगावयाचा तर तो पुरता सांगितला पाहिजे.

एक खोटी बातमी, ती खरी मानणारी हजारो सशस्त्र माणसे आणि काही क्षणांचा अवधी, इतकेच त्या प्रसंगाचे भांडवल होते. बातमी पसरविणाऱ्या सैनिकांत कोणी दुष्ट नव्हते. आपल्या धन्यावरील प्रेमानेच ते खवळले होते. आजही खोटी बातमी पुढे धाडणारा बहुधा असाच प्रामाणिक संतापाने पेटलेला असतो. अशा वेळी शिपाई आणि अधिकारी यांच्यातील फरक उघडा पडतो. हाकाटी पुढे नेणारा तो अधिकारी नव्हे. ती आपल्यापाशी अडविणारा तो अधिकारी. १६६४ मध्ये ती हाकाटी छावणीच्या राहुट्यांपुरती पोचू शकत होती. आज अंगठ्याच्या एका दाबाने ती काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जाते, आणि उठून उभे राहण्यास कोणालाही अवधी मिळत नाही.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीप्रमाणे सुरतेची माहिती महाराजांकडे आणली ती बहिर्जी नाईकाने. ही फौज दक्षिणेतून निघून सुरतेजवळ येईपर्यंत सुभेदाराला तिची पुरती वार्ता नव्हती. मोहिमेचे यश तलवारीइतकेच न बोललेल्या शब्दांवर अवलंबून होते. याची उलट बाजू आपल्या पिढीने मुंबईत पाहिली. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली दूरचित्रवाणीवरून थेट दिसत होत्या आणि सीमेपलीकडील सूत्रधार त्या पाहून हल्लेखोरांना सूचना देत होते. २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने लष्करी हालचालींचे थेट चित्रण न करण्याची सूचना दिली, ती समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांनाही उद्देशून होती.

शत्रूला माहिती देण्यासाठी माणूस फितूरच असावा लागतो असेही नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्रावा या व्यायाम मोजणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशावर अफगाणिस्तान व सीरियातील लष्करी तळांच्या आकृत्या उजळून निघालेल्या आढळल्या. सैनिक रोज सकाळी धावत होते आणि मनगटावरचे यंत्र त्यांचा मार्ग नोंदवीत होते, एवढेच घडले होते. जुलै २०२० मध्ये भारतीय लष्कराने आपल्या जवान व अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप काढून टाकण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध एक अधिकारी दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ऑगस्टमध्ये त्याची याचिका फेटाळली गेली. असे आदेश काळानुसार बदलतात. परंतु सैनिकांचे काही मूलभूत अधिकार मर्यादित करण्याची मुभा संसदेला राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदानेच दिलेली आहे. गणवेश अंगावर चढतो तेव्हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा काही भाग उतरवून ठेवावा लागतो, हे प्रबोधिनीच्या दाराशी पोचण्यापूर्वीच मुलांनी समजून घेतलेले बरे.

तिसरी गोष्ट आचरणाची. फ्रेंच प्रवासी बर्निये लिहून गेला आहे की, महाराजांनी सुरतेत कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोझ यांच्या मठाला हात लावू दिला नाही. तसेच डचांचा दिवंगत दलाल दानशूर होता म्हणून त्याचेही घर वगळले. पुढे राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागातील आपल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी जे पत्र धाडले, त्यात गवताच्या काडीपासून रात्री जळत राहणाऱ्या दिव्याच्या वातीपर्यंत सर्व बारकाव्यांची काळजी आहे. रयतेला तोशीस पोचली तर तिला मोगल बरे वाटू लागतील, हा त्या पत्रातील इशारा आहे. एका शिपायाच्या वागण्याने साऱ्या राज्याची प्रतिमा ठरते, हे त्या राजाला पक्के ठाऊक होते. भारतीय लष्कराच्या १९५० च्या कायद्यातही अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन हा स्वतंत्र अपराध मानला आहे.

सुरतेतील मराठ्यांच्या वर्तनाचे साक्षीदार थोडेच होते. तरीही त्यांनी लिहिलेले साडेतीनशेहून अधिक वर्षे टिकले आणि त्याचीच चर्चा आपण शेजाऱ्यांशी आजही करतो. आता प्रत्येकाच्या खिशात एक अँथनी स्मिथ बसलेला आहे. सोळाव्या वर्षी मित्रांच्या टाळ्या मिळविण्यासाठी टाकलेले शिवराळ वाक्य किंवा एखाद्या जातीची वा धर्माची केलेली टवाळी सव्विसाव्या वर्षी, त्या समाजाचे जवान ज्याच्या हुकुमाखाली असतील, त्या अधिकाऱ्यासमोर येऊन उभी राहू शकते.

आणि शेवटी घरच्या माणसांविषयी. आमच्या परिचयातील एका कुटुंबात नातवाची पहिली नेमणूक झाली. आजीने आनंदाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवरील कुटुंबाच्या गटात गावाचे नाव, गाडी आणि तारीख असे सारे लिहिले, वर गणवेशातील छायाचित्रही जोडले. तासाभरात नातवाचा फोन आला. ‘आजी, तेवढे काढून टाक ना. मी सुखरूप आहे एवढेच लिही.’ आजीला वाईट वाटले; पण तिने ते काढले. त्या गटात साठ माणसे होती, आणि त्यांच्यापैकी कोणी ते आणखी कोणाकोणाला पाठविले असेल, हे तिला तरी कोठे ठाऊक होते?

त्या नातवाने जे केले ते प्रबोधिनीत शिकविले जाते. आजीने जे केले ते मात्र कोणी शिकवीत नाही. ते घरातच शिकावे लागते. आम्हां सुरतकर मराठी माणसांना आपल्या मुलांच्या पराक्रमाचा अभिमान मिरवण्याची हौस आहे आणि ती असावीही. फक्त कधीकधी तो अभिमान ओठांच्या आत ठेवावा लागतो, आणि तेवढा संयम दाखविणे हेही देशाचे काम आहे.