तेम्पोरादा

दर फेब्रुवारीत मलेशियातल्या सेपांगच्या ट्रॅकवर मोटोजीपीच्या गाड्या हंगामपूर्व चाचणीला उतरतात आणि माझा दिनक्रम बिघडतो. लॅपच्या वेळा बघायच्या, कुणी कुठली चासी लावली, कुणाच्या गाडीवर नवं फेअरिंग दिसतंय ते शोधायचं. या नादात मी स्पॅनिश बातम्याही चाळतो. स्पॅनिश मला येत नाही, पण आकडे आणि रायडरांची नावं वाचायला भाषा लागत नाही. त्या बातम्यांत एक शब्द ओळीआड भेटतो: 'प्रेतेम्पोरादा'. 'तेम्पोरादा' म्हणजे हंगाम, आणि त्याला पुढे 'प्रे' लागला की हंगामाआधीचा काळ. बाराही महिने मोटरसायकलींवर बोलणाऱ्या देशाने वापरावा असा साधा शब्द आहे, म्हणून मी कधी थांबलो नव्हतो.

थांबलो ते आंजेलो बेर्गामोंती या इटालियन रायडरविषयी वाचताना. 4 एप्रिल 1971 रोजी रिच्चोने या समुद्रकाठच्या गावात पावसात गाडी घसरून तो गेला. ती शर्यत कुठल्या मालिकेतली होती? 'मोतोतेम्पोरादा रोमान्योला'! रोमान्या हा इटलीचा प्रदेश, एड्रियाटिक समुद्राला लागून असलेला. इटालियनमध्ये हंगामाला 'स्ताजोने' म्हणतात. मग रोमान्यातल्या हॉटेलवाल्यांनी आणि मोटरक्लबांनी आपल्या वसंतातल्या शर्यतींना स्पॅनिश नाव कशाला द्यावं? हा प्रश्न डोक्यात शिरला आणि हंगामपूर्व चाचणीची सगळी कुळकथा मला त्यातूनच सापडत गेली.

रूढ इतिहास एका दमात सांगता येतो. 1907 मध्ये आइल ऑफ मॅनवर टीटी ही मोटरसायकल शर्यत सुरू झाली, 1949 मध्ये जागतिक अजिंक्यपद आलं, 1959 मध्ये होंडा टीटीत उतरली आणि कारखाने स्वतःचे चाचणी-ट्रॅक बांधू लागले. चाचणीचा इतिहास लिहिणारे बहुधा हीच वाट धरतात: इंजिनिअर, स्टॉपवॉच, कारखान्यामागचा रस्ता. ती वाट खरीच आहे. पण फेब्रुवारीत सगळा ताफा उचलून उन्हाच्या देशात जायचं, तिथे सगळ्या कंपन्यांनी एकाच ट्रॅकवर एकमेकांना जोखायचं आणि जगाने ते बघायचं, ही रीत कारखान्यामागच्या रस्त्यावर जन्मलेली नाही. ती समुद्रकाठच्या जत्रेत जन्मली, असं माझं ठाम म्हणणं आहे.

1960 च्या दशकात जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत साधारण मे महिन्यात होई. गाड्या मात्र हिवाळाभर नव्याने बांधून मार्चलाच तयार असत. मधल्या दीड-दोन महिन्यांत मोडेना, रिमिनी, रिच्चोने, चेझेनातिको, चेर्विया, इमोला अशा गावांत लागोपाठ शर्यती होत. मोडेना आणि इमोला सोडले तर बहुतेक ठिकाणी ट्रॅक म्हणजे गावातलेच रस्ते. एका बाजूला हॉटेलं, दुसऱ्या बाजूला झाडं, वळणावर गवताचे भारे रचलेले. अजिंक्यपदाचे गुण मिळत नसत, पण नुसतं येण्याचे पैसे रोख मिळत आणि रायडरचं पोट बरंचसं त्यावर चाले. एमव्ही आगुस्ताच्या गाड्या येत, शेजारच्या पेझारोहून बेनेल्लीच्या येत. जाकोमो अगोस्तिनी एमव्हीवर, रिमिनीचा रेन्झो पासोलिनी बेनेल्लीवर, आणि गर्दी दोघांत सरळ वाटली गेलेली. 1968 मध्ये होंडाने ग्रांप्रीतून अंग काढून घेतलं तेव्हा माइक हेलवुड होंडाच्या गाड्या घेऊन अशाच बिनगुणांच्या शर्यतींत दिसत राहिला. मे महिन्यात जगापुढे काय येणार आहे, ते एप्रिलमध्ये रिमिनीतल्या बाल्कनीतून दिसत असे. आपण आज ज्याला हंगामपूर्व चाचणी म्हणतो, ती हीच. फक्त तेव्हा तिला झेंडा आणि बक्षीस होतं.

आता शब्दाकडे येतो. 'तेम्पोरादा' इटलीत कुठून आला याची चार उत्तरं देता येतील, आणि त्यातली तीन मला पटत नाहीत.

पहिलं उत्तर म्हणजे तो घरचाच शब्द आहे. उत्तर इटलीच्या बोलींत 'त'चा 'द' सहज होतो, म्हणजे 'तेम्पोराता'सारखं काही असेल त्याचं 'तेम्पोरादा' झालं असणार. ऐकायला बरं वाटतं. पण रोमान्याच्या बोलीत अशा ठिकाणचा 'आ' 'ए'कडे झुकतो. शब्द गावातच घडला असता तर त्यात तो 'ए' ऐकू आला असता. पोस्टरवरचा शब्द स्वच्छ स्पॅनिश आहे, त्याला गावची माती लागलेली नाही.

दुसरं उत्तर बैलझुंजीचं. स्पेनमध्ये झुंजींच्या मोसमाला तेम्पोरादाच म्हणतात, आणि मोटरसायकलच्या शर्यतीला तो थरार चिकटवावासा वाटणं शक्य आहे. पण स्पेनचा झुंजींचा मोसम वसंतात सुरू होऊन शरदापर्यंत चालतो. तो मुख्य हंगाम आहे, हंगामाआधीचा नाही. रोमान्यातली तेम्पोरादा मुख्य हंगाम सुरू होण्याआधी संपायची.

तिसरं उत्तर ऑपेराचं, आणि त्यावर मी बरेच दिवस भाळलो होतो. इटलीचे गायक, वादक, अख्ख्या नाटक मंडळ्या बोटीने ब्यूनोस आयरेसला जात. कारुसो तिथे गायला, तोस्कानिनीने तिथे वाद्यवृंद चालवला, आणि तिथल्या ऑपेराच्या मोसमाला तेम्पोरादा म्हणत. म्हणजे इटालियन माणसाच्या कानावर हा शब्द मोटारींच्या कितीतरी आधी पडलेला होता. मात्र कॅलेंडर उघडलं की हा डोलारा कोसळतो. ऑपेरावाले जात ते युरोपातल्या उन्हाळ्यात, घरची थिएटरं बंद असताना. तिकडे तेव्हा हिवाळा. त्यांची तेम्पोरादा घरच्या मोसमानंतर यायची. मला हवा होता असा शब्द, जो घरच्या मोसमाच्या आधी, ऐन हिवाळ्यात परदेशी जाऊन आणलेला असेल.

तो 1947 मध्ये सापडतो. युद्ध संपून दोन वर्षं झालेली, युरोप थंडीने आणि टंचाईने गारठलेला. अर्जेंटिनात पेरोनचं सरकार आणि तिथला ऑटोमोबाइल क्लब यांनी मोटार शर्यतींची मालिका भरवली आणि युरोपच्या ड्रायव्हरांना आमंत्रण दिलं. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे थंडी, पण विषुववृत्ताच्या खाली ऐन उन्हाळा. त्या मालिकेचं नाव तेम्पोरादा. पहिल्याच वर्षी लुइजी विल्लोरेझीने ब्यूनोस आयरेसची शर्यत जिंकली. सोबत अकिले वार्झी होता. वार्झीची सुरुवात मोटरसायकलवर झालेली, 1920 च्या दशकात तो टीटीतही उतरला होता. त्याचा अर्जेंटिनाशी इतका जीव जडला की 1948 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सराव करताना तो गेला, त्यानंतर ड्रायव्हर फान्जिओ आणि त्याचे अर्जेंटिनी सोबती युरोपात आले ते 'स्क्वाद्रा अकिले वार्झी' या नावाखाली, आणि त्यांचा तळ वार्झीच्या गावी, गाल्लियातेला होता.

पुढचा दुवा माझा मी जोडलेला आहे. विल्लोरेझीची गाडी मासेराती होती. मासेराती 1940 पासून मोडेनात आहे. म्हणजे हिवाळ्यात गाड्या पेटीबंद करून बोटीवर चढवणारे, तिकडच्या उन्हात कार्ब्युरेटर जुळवणारे आणि वसंतात घरी परतून तेम्पोरादाच्या गप्पा मारणारे मेकॅनिक मोडेनाच्या गल्ल्यांतले होते. आणि 1950 मध्ये उघडलेला मोडेनाचा विमानतळ-ट्रॅक हाच पुढे मोटरसायकलींच्या वसंतातल्या शर्यतींचा एक नेहमीचा मुक्काम झाला. मोटारीच्या गॅरेजातून शब्द शेजारच्या मोटरसायकलच्या गॅरेजात गेला, एवढंच अंतर त्याला कापायचं होतं. क्रीडापत्रांनी जानेवारीत तो भाषांतर न करता छापला असणार आणि मोटरक्लबांनी मार्चमध्ये उचलला असणार, असं मी धरून चालतो.

दुसरी गोष्ट मला याहून बोलकी वाटते. फान्जिओने 1949 मध्ये तेम्पोरादातली जी शर्यत जिंकली, ती मार देल प्लातामध्ये. मार देल प्लाता हे अर्जेंटिनाचं समुद्रस्नानाचं गाव. शर्यत किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर झाली. आता रिच्चोने डोळ्यांपुढे आणा: समुद्रस्नानाचं गाव, किनाऱ्यालगतचे रस्ते, वळणावर हॉटेलं. रोमान्याच्या गावांनी शब्द घेतला तेव्हा त्यासोबत अख्खं चित्रच घेतलं.

इथे हॉटेलवाल्यांचा हिशेब लक्षात घ्यायला हवा. महाबळेश्वर-माथेरानला 'सीझन सुरू झाला' म्हणतात तेव्हा कुणी ऋतू विचारत नाही, खोल्या भरल्या का ते विचारतात. रिमिनी-रिच्चोनेलाही जून ते ऑगस्ट खोल्या भरलेल्या आणि मार्च-एप्रिल रिकाम्या. शर्यत भरवली की रिकाम्या महिन्यांत माणसं येत. रायडरला गाडी जोखायची होती, हॉटेलवाल्याला बंद दारं उघडायची होती, आणि दोघांचा हंगाम एकाच शब्दात मावत होता. इटालियन 'स्ताजोने' लॅटिनमधल्या थांबण्याच्या शब्दावरून आला. इंग्रजी 'सीझन'च्या मुळाशी लॅटिनमधली पेरणी आहे. आपला 'हंगाम' फारसी, त्याचा अर्थ वेळ. आणि त्याचाच सख्खा भाऊ 'हंगामा', म्हणजे गर्दी, गलका. रिच्चोनेच्या रस्त्यांवर वेळ आणि गलका एकत्र नांदत होते. त्या मालिकेला मराठीत नाव द्यायचं झालं असतं तर मी 'हंगाम' याच शब्दावर बोट ठेवलं असतं.

शब्द समुद्रावरून फिरून आला याचंही आपल्याला नवल वाटायला नको. अरबी 'मौसिम' आपल्याकडे 'मोसम' झाला, पोर्तुगीज खलाशांच्या तोंडी 'मोन्साओ' झाला आणि इंग्रजीत शिरून 'मॉन्सून' झाला. काळवेळेचे शब्द बोटीवर चढायला नेहमीच तयार असतात.

मग 1971 चा तो एप्रिल. बेर्गामोंती 32 वर्षांचा होता. आदल्या वर्षीच्या शरदात त्याने एमव्हीवर बार्सिलोनाच्या मोंजुइकवर एकाच दिवशी 350 आणि 500 अशा दोन्ही ग्रांप्री जिंकल्या होत्या. रिच्चोनेला 350 ची शर्यत, मुसळधार पाऊस, पुढे त्याचाच सहकारी अगोस्तिनी. बेर्गामोंती त्याला गाठायच्या मागे होता. साचलेल्या पाण्यावर गाडीने रस्ता सोडला. जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत अजून महिनाभर लांब होती. ज्या दिवशी एकही गुण मिळणार नव्हता, त्या दिवशी तो गेला, आणि हे वाचताना मला अजूनही गलबलून येतं. इटलीत गावच्या रस्त्यांवरच्या शर्यती त्यानंतर बंद झाल्या आणि तेम्पोरादा रोमान्योला संपली.

पण गरज संपली नव्हती. पुढल्याच वर्षी, 1972 मध्ये, रिच्चोनेला खेटून असलेल्या मिझानोला बंदिस्त ट्रॅक सुरू झाला. आता गाडी जोखायला गाव अडवायची गरज नव्हती, म्हणून प्रेक्षकही लागत नव्हते, म्हणून शर्यतही लागत नव्हती. मला वाटतं, शर्यतीतून चाचणी वेगळी काढण्याचं काम इथे झालं. हेलवुडला होंडाची 500 वळणावर कशी डुलते ते अगोस्तिनीच्या शेजारी, भर गर्दीत कळायचं. बंदिस्त ट्रॅकवर रायडर एकटा फिरतो, पिटमध्ये येतो, इंजिनिअरला सांगतो, पुन्हा जातो. त्यात शांतपणे एकेक गोष्ट बदलून बघता येते, आणि शेजारच्याने काय लपवलंय ते कळत नाही.

त्यानंतर तेम्पोरादाचा दुसरा अर्धा वारसा जागा झाला, उन्हाच्या देशात जाण्याचा. रेसिंगचे टायर तापल्याशिवाय धरत नाहीत. फेब्रुवारीत मोडेनाच्या गार डांबरावर काढलेली लॅपची वेळ उन्हाळ्यात कामाची नाही. म्हणून ताफे ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला, सेपांगला जाऊ लागले. 2004 च्या जानेवारीत व्हॅलेंतिनो रॉस्सी होंडाचा करार संपवून यामाहावर पहिल्यांदा बसला तो सेपांगलाच. यामाहाच्या मासाओ फुरुसावांनी त्याच्यापुढे चार इंजिनं ठेवली: पाच किंवा चार व्हॉल्व्ह, आणि दोन तऱ्हांचे क्रँक. रॉस्सीने चार व्हॉल्व्ह आणि क्रॉसप्लेन क्रँक निवडला. 18 एप्रिलला दक्षिण आफ्रिकेत वेल्कोमला त्याने पहिलीच शर्यत जिंकली. हा रॉस्सी वाढला ताव्हुलियात, रिच्चोनेच्या मागच्या टेकड्यांत.

आता डिसेंबर-जानेवारीत नेहमीच्या रायडरांना मोटोजीपीच्या गाडीवर बसायला बंदी असते. फेब्रुवारीच्या तोंडावर बोलोन्याहून डुकाटीच्या पेट्या मलेशियाला निघतात, जशा एकेकाळी मोडेनाहून मासेरातीच्या ब्यूनोस आयरेसला निघत. या खेळाचे हक्क 1992 मध्ये माद्रिदच्या डोर्ना कंपनीकडे आले, आणि त्या पेट्या पोहोचतात त्या मुक्कामाचं नाव स्पॅनिश बातम्यांत 'प्रेतेम्पोरादा' असं घुमतं. रोमान्यात नुसती 'तेम्पोरादा' म्हणजेच हंगामाआधीचा काळ होता. स्पॅनिशांना आपल्या शब्दाचा घरचा अर्थ शाबूत ठेवायचा होता, म्हणून त्यांना 'प्रे' जोडावा लागला.

अर्जेंटिनाही परत आली. 2014 मध्ये ग्रांप्री तिकडे गेली ती तेर्मास दे रिओ होंदोला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, जिथे हॉटेलं आधीपासून होती. आणि 24 सप्टेंबर 2023 ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली तेव्हा, कुणीही आधी चाचणी न घेतलेल्या त्या ट्रॅकवर, जिंकला मार्को बेझ्झेक्की. तो रिमिनीचा.