इटलीतील वेस्ट नाईल विषाणूचे सर्वेक्षण

वेस्ट नाईल विषाणूचे सर्वेक्षण ही डास, वन्य पक्षी व घोडे यांच्या नियमित तपासणीतून माणसांमधील संसर्गाची पूर्वसूचना मिळवणारी इटलीतील व्यवस्था आहे. हा विषाणू १९३७ मध्ये युगांडातील वेस्ट नाईल जिल्ह्यात प्रथम आढळला. त्यावरून त्यास हे नाव पडले.

पार्श्वभूमी
विषाणूचे चक्र मुख्यत्वे पक्षी व क्युलेक्स डास यांच्यात चालते. डासाच्या दंशाने घोडा व मनुष्य यांनाही संसर्ग होतो. परंतु त्यांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण अल्प राहत असल्याने त्यांना चावलेल्या डासांमार्फत तो पुढे पसरत नाही. म्हणून आजारी घोडा हा रोगाचा प्रसारक नसून परिसरातील विषाणूचा निदर्शक ठरतो. बाधित माणसांपैकी सुमारे ८० टक्के जणांना लक्षणे जाणवत नाहीत. सुमारे १५० जणांपैकी एकास मेंदूज्वरासारखा गंभीर आजार होतो. माणसांसाठी मान्यताप्राप्त लस नाही.

इतिहास
१९९८ मध्ये तस्कनीतील फुचेक्क्यो या दलदलीच्या परिसरात १४ घोडे आजारी पडले. त्यानंतर आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय सर्वेक्षण योजना आखली. २००८ मध्ये पो नदीच्या खोऱ्यात विषाणू पुन्हा आढळला आणि देशात प्रथमच माणसांनाही त्याची बाधा झाल्याचे निदान झाले.

कार्यपद्धती
उन्हाळ्यात ठरावीक ठिकाणी कर्बवायू सोडणारे सापळे रात्रभर लावतात. पकडलेल्या डासांची जातवार विभागणी करून त्यांच्या गटांची आरटी-पीसीआर चाचणी करतात. मॅगपाय, कावळे इत्यादी पक्षीही तपासले जातात. चाल अडखळणे, मागील पाय लुळे पडणे, स्नायू थरथरणे अशी लक्षणे घोड्यात दिसल्यास पशुवैद्यकाने कळवणे बंधनकारक असून, रक्तातील आयजीएम प्रतिपिंडांवरून अलीकडील संसर्ग ओळखला जातो. तेरामो येथील राष्ट्रीय संदर्भ केंद्र निदानाची खातरजमा करते.

उपयोग
लक्षणे नसलेल्या दात्याच्या रक्तातूनही संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे एखाद्या प्रांतात डास, पक्षी वा घोडा यांत विषाणू आढळताच तेथील रक्तदात्यांची विषाणूचाचणी सुरू होते. अशा प्रांतात राहून आलेल्या बाहेरील दात्यांचीही चाचणी करतात किंवा त्यांचे रक्तदान २८ दिवस पुढे ढकलतात. डासनियंत्रणाची जागाही याच माहितीवरून ठरते.

मर्यादा
घोड्यांसाठी लस उपलब्ध आहे. लसीकरणाने घोड्याचा बचाव होतो. मात्र लसवंत घोडा सहसा आजारी पडत नसल्याने त्याच्याकडून मिळणारी सूचना क्षीण होते. लसीकरण वाढते तेथे डास व पक्षी यांच्या तपासणीस अधिक महत्त्व येते.