गालिबची मुलाखत आणि सहबाईंचे चाळीस रुपये

माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या महिन्यात घरी आली. बी.एड. झालेली, हातात प्लास्टिकची फाईल. एका खासगी माध्यमिक शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. मोबाईलवर तिने प्रश्नांची यादी उतरवून घेतली होती: स्वतःबद्दल सांगा, ही नोकरी का हवी, तुमचा कमकुवतपणा कोणता, पगार किती अपेक्षित आहे. म्हणाली, "सर, उत्तरं लिहून द्या, मी पाठ करते."

उत्तरं मी लिहून दिली नाहीत. आधी तिला 1842 सालची दिल्ली सांगितली.

एक गंमत जाता जाता सांगतो. उर्दूत मुलाकात म्हणजे नुसती भेट. नोकरीसाठी विचारपूस होते तिला उर्दूवाले इंटरव्ह्यू म्हणतात. मराठीने मात्र आमचाच शब्द घेतला आणि त्याला टेबलापलीकडच्या खुर्चीत नेऊन बसवलं. उमेदवार हा शब्दही फारसीतला, उमेद धरून असलेला तो. गालिबच्या गोष्टीत हे दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळतात.

दिल्ली कॉलेज 1825 साली अजमेरी दरवाजाजवळच्या गाजीउद्दीनच्या जुन्या मदरशात सुरू झालं होतं. 1842 मध्ये तिथे फारसीचा चांगला शिक्षक नेमायचं ठरलं. सरकारचे सेक्रेटरी जेम्स थॉमसन पाहणीला आले. रुडकीचं इंजिनिअरिंग कॉलेज पुढे ज्यांच्या नावाने ओळखलं गेलं, तेच हे थॉमसन. मुफ्ती सद्रुद्दीन आझुर्दा यांनी त्यांना सांगितलं की शहरात फारसीचे उस्ताद तीनच: मिर्झा गालिब, हकीम मोमिन खान आणि मौलवी इमाम बख्श सहबाई. (नाव वाचून बाई समजू नका, चांगले दाढीवाले मौलवी होते.)

पहिलं बोलावणं गालिबला. तेव्हा ते 44 वर्षांचे होते, म्हणजे साधारण माझ्याच वयाचे. वर्षाला 750 रुपये पेन्शन आणि डोक्यावर कर्ज. ती पेन्शन वाढावी म्हणून कलकत्त्यापर्यंत जाऊन आलेले, हाती काही लागलं नव्हतं. पालखीतून ते थॉमसनच्या मुक्कामी पोहोचले आणि बाहेरच थांबले. साहेब रीतीप्रमाणे घ्यायला बाहेर येतील, मग उतरायचं. साहेब आले नाहीत. बराच वेळ गेला. शेवटी थॉमसन बाहेर आले आणि त्यांनी समजावलं की दरबारात याल तेव्हा तुमचं स्वागत तसंच होईल, पण आज तुम्ही नोकरीसाठी आला आहात. त्यावर गालिबचं म्हणणं असं होतं की सरकारी नोकरी इज्जत वाढावी म्हणून करायची, आहे ती कमी व्हावी म्हणून नव्हे. पालखी वळली.

हालींनी 'यादगार-ए-गालिब'मध्ये हा प्रसंग सांगितला. तेव्हापासून उर्दू वर्गात तो शिकवताना आमची छाती फुगते. मीही वीस वर्षं फुगवत आलो. पण पुढे काय झालं, ते आम्ही वर्गात सांगत नाही.

मोमिन हकिमांच्या घराण्यातले. त्यांनी साफ कळवलं, महिना शंभर रुपयांपेक्षा कमी घेणार नाही. तेवढे देणं सरकारला जमलं नाही. उरले सहबाई. त्यांना उत्पन्नाचं दुसरं साधन नव्हतं. त्यांनी चाळीस रुपयांवर काम स्वीकारलं, नंतर त्याचे पन्नास झाले.

मला आता सहबाईच जास्त आठवतात. नझीर अहमद, मुहम्मद हुसेन आझाद, जकाउल्लाह ही उर्दू गद्याची मोठी माणसं ज्या काळात या कॉलेजात शिकली, त्या काळात सहबाई तिथे शिकवत होते. सर सय्यदांना 'आसारुस्सनादीद'साठी त्यांनी मदत केली. 1857 च्या बंडानंतर इंग्रजांनी त्यांना गोळ्या घालून मारलं. ज्या सरकारचे चाळीस रुपये घेतले, त्याच सरकारने. आणि पालखी वळवणारे गालिब? 1850 मध्ये बादशहाने त्यांना तैमूरी घराण्याचा इतिहास लिहायचं काम दिलं, वर्षाला 600 रुपयांवर. म्हणजे महिना पन्नासच.

गालिब चुकले, असं मी म्हणत नाही. पण ही नोकरी का हवी, या प्रश्नाचं उत्तर ते घरून ठरवून निघाले नव्हते. पाहुणा म्हणून जायचं की उमेदवार म्हणून, हे दारात पोहोचल्यावर ठरलं. मोमिनना आपला आकडा माहीत होता. सहबाईंना आपली गरज माहीत होती.

मग विद्यार्थिनीला विचारलं, "तुझा आकडा किती?" तिला माहीत नव्हता. 2023 पासून माध्यमिक शिक्षणसेवकाला महिना 18,000 रुपये मानधन आहे, तीन वर्षं. अनुदानित जागेवर अपेक्षा विचारली तर हेच सांगायचं. जागा विनाअनुदानित असेल तर निघण्याआधी घरी बसून ठरवायचं की किती रुपयांखाली आपण परत फिरणार. आणि आकडा उलटा आला तर? म्हणजे शाळाच तुमच्याकडे मागायला लागली तर? माझ्या उमेदवारीच्या काळात एका संस्थेत फारसीवर दोन प्रश्न झाले आणि तिसरा प्रश्न होता, "देणगीचं काय?" मी ठरवून गेलो नव्हतो. "घरी विचारून सांगतो," म्हणालो. त्या उत्तराची लाज मला आजही वाटते. नाही म्हणायला विचारायचं काय होतं?

तिला खरी भीती वेगळ्याच प्रश्नाची होती. वडील काय करतात, कुठल्या मोहल्ल्यात राहता. हा प्रश्न जुना आहे. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला 100 गुण आणि तोंडीला 50 होते. तोंडी दोन-तीन मिनिटांत आटपायची आणि विचारायचे घराण्याबद्दल, राहण्याबद्दल. अजय हासिया खटल्यात नोव्हेंबर 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तोंडीला 15 टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानी आहे, आणि असे प्रश्न गैरलागू आहेत. खटला प्रवेशाचा होता, पण खुर्ची तीच. मी तिला म्हटलं, वडील रिक्षा चालवतात हे एका वाक्यात सांग, आवाज खाली न आणता, आणि लगेच वर्गाकडे वळ.

कारण वर्गाबद्दल सांगण्यासारखं तिच्याकडे खूप होतं, फक्त ते तिला उत्तर वाटत नव्हतं. स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर ती जन्मतारखेपासून सुरू व्हायची. ते सगळं अर्जात असतं की! मी खोदून विचारलं तेव्हा सराव पाठाचा किस्सा निघाला. उर्दू माध्यमाची आठवीची मुलं 'माझी पुस्तक' लिहायची. उर्दूत लिंगं दोनच आणि किताब स्त्रीलिंगी, म्हणून. हिने प्रत्येक चूक लाल शाईने खोडली नाही. फळ्यावर दोन्ही भाषांचे शब्द समोरासमोर मांडले आणि नपुंसकलिंग मुलांनाच शोधायला लावलं. हे उत्तर पाठ करायची गरज नाही, घडलेलं आहे.

कमकुवतपणाला तिने यादीतलं उत्तर आणलं होतं: मी फार मेहनत करते. मी हसलो, तीही हसली. मग म्हणाली, "सर, खरं सांगू? उजवीकडून लिहायची सवय, मराठी लिहिताना फळ्यावर माझी ओळ खाली घसरते. आता खडूने आधी फिकट रेघ मारून घेते." मी म्हटलं, हेच सांग.

निघताना दारात थांबली. "सर, तिथे मला तासभर बाहेर बसवून ठेवलं तर?"

"बसायचं. पाण्याची बाटली ने."




"आणि देणगी मागितली तर?"

मी काही बोलायच्या आत तिने फाईल काखेत घेतली. "ते मी रात्रीच ठरवलंय," म्हणाली, आणि जिना उतरली.