वधूची संमति: उत्तर युरोपांतील विवाहकायद्याचा इतिहास



स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांचा विषय निघाला कीं स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि आइसलंड या देशांचीं नांवें हटकून पुढें येतात. तेथील स्त्री प्राचीन काळापासूनच स्वतंत्र होती, असा एक समज आपल्याकडे आहे; आणि तेथें विवाहबंधन पहिल्यापासून सैलच होतें, असा दुसरा. त्या देशांच्या जुन्या कायद्याच्या पोथ्या या दोन्ही समजांना दुजोरा देत नाहींत. त्यांत एकच प्रश्न शतकानुशतकें निरनिराळ्या शब्दांत विचारलेला दिसतो. विवाह हा करार कोणाकोणांमधला? वधूचा पिता आणि जांवई यांच्यामधला, कीं वधू आणि वर यांच्यामधला? या प्रश्नाचें उत्तर उत्तरेकडील लोकांनीं कसकसें बदललें, आणि त्याची किंमत कोणी दिली, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

आरंभ आइसलंडपासून करूं. नवव्या शतकाच्या अखेरीस मुख्यतः नॉर्वेंतून आलेल्या लोकांनीं हें बेट वसविलें. तेथें राजा नव्हता. इ. स. ९३० च्या सुमारास थिंगवेलिर नांवाच्या खडकाळ मैदानांत त्यांनीं आपली महासभा स्थापिली. तिला आल्थिंग म्हणत. कायदा लिहिलेला नव्हता. निवडून दिलेला विधिवक्ता दर उन्हाळ्यांत कायद्याचा एकतृतीयांश भाग मुखोद्गत म्हणून दाखवी. तीन वर्षांत सारा कायदा लोकांच्या कानांवरून जाई. आपल्याकडील वेदपाठाची आठवण व्हावी अशीच ही रीत. इ. स. १११७-१८ च्या हिंवाळ्यांत हा कायदा लेखनिविष्ट होऊं लागला; पुढें त्याच्या संग्रहास 'ग्रागास', म्हणजे 'राखी हंस', असें नांव पडलें.

ग्रागासप्रमाणें वाङ्निश्चय म्हणजे दोन पुरुषांनीं साक्षीदारांसमक्ष हातावर हात देऊन केलेला व्यवहार. एक वर, दुसरा वधूचा पिता किंवा पालक. वराकडून येणाऱ्या धनास 'मुंद' म्हणत, आणि वधूबरोबर तिच्या घरून येणाऱ्या धनास 'हैमनफिल्ग्या'. हीं दोन्ही धनें स्त्रीचीं मानीत. आपल्या स्त्रीधनाशीं त्यांचें बरेंच साम्य आहे. परंतु ज्या मुलीविषयीं हा व्यवहार चाले तिला विचारण्याचें कारण नव्हतें. विधवेची संमति मात्र घ्यावी लागे. कुमारिकेस नकार देतां येई तो केवळ ख्रिस्ती मठांत संन्यासिनी होऊन राहण्याची तिची इच्छा असेल तरच.

स्त्रीच्या अब्रूविषयीं हा कायदा फार कडक होता. एखाद्या स्त्रीवर प्रेमगीत रचणारास पूर्ण बहिष्काराची शिक्षा असे. अशा माणसास कोणी आसरा देऊं नये, आणि कोणी ठार केलें तरी त्याची भरपाई नाहीं. चोरून घेतलेल्या चुंबनासही शिक्षा होती. तें स्त्रीच्या खुशीनें घेतलेलें असलें तर तीन मार्क दंड, आणि दावा चालविणार तिचे पुरुष नातेवाईक; म्हणजे अपमान घराण्याचा. परंतु तिला तें आवडलें नाहीं, तर दावा करण्याचा हक्क तिचा स्वतःचा, आणि शिक्षा तीन वर्षांच्या हद्दपारीची. विवाहांत जिची इच्छा कोणी विचारीत नसे, तिच्या इच्छेला येथें मात्र कायद्यानें जागा दिली होती. हा लहानसा नियम ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची गरज लागेल.

काडीमोडीची वाट स्त्रीलाही मोकळी होती. तेराव्या शतकांत लिहिलेल्या लाक्सडेला सागेंत गुड्रुन नांवाच्या स्त्रीची कथा आहे. नवऱ्यानें तिच्या थोबाडींत मारली. तिनें त्याच्यासाठीं रुंद गळ्याचा, बायकी धाटणीचा सदरा शिवला. पुरुषानें स्त्रीवेष करणें हें काडीमोडीस पुरेसें कारण होतें. ती अर्धी मालमत्ता घेऊन माहेरीं परतली. न्यालच्या सागेंत हालगेर्ड हिचा विवाह बापानें तिला न विचारतां ठरविला. तो संसार नवऱ्याच्या खुनांत संपला. पुन्हा स्थळ आलें तेव्हां चुलत्यानें सल्ला दिला कीं या वेळीं मुलीला विचारा. आणि तिनें स्वतः होकार दिल्यावरच विवाह ठरला. ही कथा दहाव्या शतकाची असली तरी ती लिहिणारा तेराव्या शतकांतला होता, आणि तोंपर्यंत एक नवा विचार त्याच्या देशांत आला होता. तो विचार ख्रिस्ती धर्मपीठाचा.

धर्मपीठाचें म्हणणें असें कीं विवाह हा वधूवरांच्या परस्परसंमतीनें होतो. पित्याचा शब्द पुरेसा नाहीं. स्त्रीच्या दृष्टीनें हा मोठाच लाभ. परंतु त्याच धर्मपीठानें विवाह अभंग ठरविला आणि काडीमोडीचें दार लावून घेतलें. आंत जातांना स्त्रीला विचारूं लागले, बाहेर पडण्याची सोय मात्र गेली.

स्वीडनमध्यें प्रांतोप्रांतींचे कायदे याच सुमारास लिहिले गेले. १२९६ च्या उपलांड प्रांताच्या कायद्यांत कन्यादानाच्या वेळीं पालकानें काय काय बोलावें हें ठरवून दिलें आहे. वधू दिली जाते ती मानासाठीं आणि गृहिणीपदासाठीं. शय्येचा अर्धा भाग, घराचीं कुलपें व किल्ल्या, आणि मालमत्तेचा कायदेशीर तिसरा हिस्सा यांचा अधिकार तिला मिळतो. या किल्ल्या अलंकारिक नव्हत्या. उत्तरेकडील स्त्रियांच्या प्राचीन थडग्यांत लोखंडाच्या व ब्राँझच्या किल्ल्या सांपडल्या आहेत. कोठाराची मालकीण ती; पण कराराची पक्षकार अजून ती नव्हे. त्याच शतकांत बिर्गर यार्ल या राज्यकर्त्यानें मुलीला भावाच्या निम्मा वारसा दिला, असें परंपरा सांगते.

यानंतरचा काळ सर्वांत कठोर. सोळाव्या शतकांत हे सारे देश पोपपासून फुटून लूथरच्या पंथांत गेले. काडीमोड पुन्हा शक्य झाली हें खरें. परंतु पूर्वीं धर्मगुरूपुढें कबूल करून प्रायश्चित्त घेण्याचें पाप आतां राजाच्या दरबारांतला गुन्हा ठरलें. आइसलंडमध्यें १५६४ सालीं 'स्तोरिदोमुर', म्हणजे 'महानिर्णय', मंजूर झाला. तिसऱ्या वेळच्या व्यभिचारास मृत्यु. निषिद्ध नात्यांतील संबंधास पहिल्याच वेळीं मृत्यु, आणि त्या नात्यांत सासरकडील नातींही धरलेलीं. पुरुषाचा शिरच्छेद होई, स्त्रीला पाण्यांत बुडवीत. जेथें विधिवक्ता कायदा म्हणून दाखवी त्याच थिंगवेलिरला नदीचा एक डोह आहे. त्याचें नांवच 'बुडविण्याचा डोह'. तेथें १८ स्त्रियांना जलसमाधि दिल्याची नोंद आहे. तो कायदा १८३८ पर्यंत टिकला. स्वीडनमध्यें नवव्या चार्ल्सनें १६०८ सालीं मोशेच्या धर्मशास्त्रांतील शिक्षा राज्याच्या कायद्यास जोडल्या. १६८३ च्या डॅनिश कायद्यानें सृष्टिक्रमाविरुद्ध संबंधास जाळून मारण्याची शिक्षा सांगितली.

या कडकपणाचा परिणाम काय झाला? लोक नीतिमान झाले असें नव्हे. अविवाहित माता नवजात मुलांना गुपचुप मारूं लागल्या. त्या गुन्ह्यासही मृत्यूचीच शिक्षा होती, तरी तो थांबेना. अखेर १७७८ सालीं स्वीडनच्या तिसऱ्या गुस्टाव्ह राजानें हुकूम काढला कीं, स्त्रीला आपलें नांव न सांगतां प्रसूत होतां यावें, आणि सुइणीनें किंवा अन्य कोणीं तिला तें विचारूं नये. लोकलाजेनें जीव जातात, हें राजसत्तेनें येथें मान्य केलें.

सरकारी कायदा असा बदलत असतां खेड्यांतील लोक आपल्या रीतीनेंच चालत. शनिवारीं रात्रीं तरुणांनीं गोठ्याच्या माळ्यावर निजलेल्या मुलींना भेटावयास जावें, अंगावरचे कपडे न उतरतां गप्पा माराव्या, आणि अशा भेटींतून जोडपें जमावें, ही चाल नॉर्वे-स्वीडनमध्यें रूढ होती. एलर्ट सुंड्ट नांवाच्या नॉर्वेजियन पंडितानें १८५० पासून गांवोगांव हिंडून याचा अभ्यास केला. १८५५ व १८५७ सालीं त्याचे विवाहावरचे व नीतीवरचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. तो धर्मशास्त्र शिकलेला होता. तरी त्यानें लोकांना दुराचारी म्हणून हिणविलें नाहीं. ज्या मजुराला जमीन नाहीं, घर नाहीं, त्याचा विवाह लांबतो आणि मूल आधीं होतें, हें त्यानें आंकड्यांनीं दाखविलें. स्वीडनच्या १७३४ च्या कायद्यानेंही, वाङ्निश्चयानंतर संबंध घडला असेल तर त्यास अपुरा विवाह मानून स्त्रीचे हक्क राखले होते.

एकोणिसाव्या शतकांत कुलपांमागून दप्तरें उघडलीं. मुलीला मुलाइतका वारसा स्वीडननें १८४५ सालीं, नॉर्वेनें १८५४ सालीं आणि डेन्मार्कनें १८५७ सालीं दिला. १८६३ सालीं स्वीडनमधील अविवाहित स्त्री पंचविसाव्या वर्षीं सज्ञान ठरूं लागली. पण तिनें लग्न केलें कीं ती पुन्हा अज्ञान! ही विसंगति रंगभूमीवरही आली. १८७९ सालीं इब्सेनच्या 'बाहुलीचें घर' या नाटकांतील नोरा कर्जासाठीं बापाची खोटी सही करते, कारण पुरुषाच्या आधारावांचून तिला कर्ज मिळत नाहीं. नॉर्वेंत विवाहित स्त्री १८८८ सालीं सज्ञान ठरली. ब्यर्न्सननें १८८३ च्या 'हातमोजा' या नाटकांत, वधूकडे मागावयाची शुद्धता वराकडेही कां मागूं नये, हा प्रश्न टाकला. हें सारें आपल्यापासून फार दूरचें नाहीं. ब्यर्न्सनच्या याच नाटकाच्या आधारें श्री. वि. वर्तकांनीं 'आंधळ्यांची शाळा' लिहिलें. १९३३ सालीं नाट्यमन्वंतरनें तें मुंबईंत रंगभूमीवर आणिलें. इब्सेनची नोरा अनंत काणेकरांच्या 'घरकुल'मधून मराठींत आली.

विसाव्या शतकांत कामाचा वेग वाढला. १९१५ सालीं योहान कास्टबेर्ग यांच्या खटपटीनें नॉर्वेनें विवाहबाह्य संततीस पित्याचें नांव व वारसा दिला. विवाहाच्या कायद्यांचे मसुदे करण्यांत स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क यांनीं सहकार्य केलें. स्वीडनमध्यें १९२० च्या कायद्यानें, १९२१ पासून, पत्नीवरील पतीचें पालकत्व संपलें. ज्या संबंधास डेन्मार्क एके काळीं जाळण्याची शिक्षा देई, तो प्रौढांमध्यें असल्यास १९३३ पासून तेथें गुन्हा राहिला नाहीं. आणि १९८९ सालीं अशा जोडप्यांच्या सहजीवनाची कायदेशीर नोंदणी करणारा जगांतील पहिला देश डेन्मार्कच झाला. १९६५ पासून स्वीडनमध्यें पतीनें पत्नीवर केलेली जबरीही बलात्कारच मानली जाऊं लागली. १ जुलै २०१८ पासून तेथें असा नियम आहे कीं, बळाचा वापर झाला कीं नाहीं हें मुख्य नव्हे. दुसऱ्याची स्वेच्छा होती कीं नाहीं हें मुख्य.

आतां ग्रागासमधील चुंबनाचा तो नियम आठवा. स्त्रीला जें रुचलें नाहीं त्याचा दावा तिचा स्वतःचा, हें तत्त्व त्या लोकांना बाराव्या शतकांत ठाऊक होतें; पण तें विवाहाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेलें होतें. तें घरांत यावयास आठशें वर्षांहून अधिक काळ लागला, आणि वाटेंत तो डोह लागला. म्हणून, त्या देशांचें आजचें स्वातंत्र्य रक्तांतून आलें किंवा थंड हवेंतून आलें, असें कोणी म्हणूं लागल्यास श्रोत्यांनीं त्याला थिंगवेलिरच्या त्या अठरा स्त्रियांची आठवण अवश्य करून द्यावी.