शिष्यवृत्ती सरली, शिक्षण सोडले नाही

परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्या आपण जयंतीला अभिमानाने मोजतो. पण त्या मिळवताना पैशाची ओढाताण किती झाली, हे पोरांना सांगायचे राहून जाते.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ साली लंडनला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पै-पै साठवली. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी उसने पैसे दिले. १९२० साली पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ साली ते डी. एस्सी. झाले.

आपल्यावर आली ती वेळ समाजाच्या मुलांवर येऊ नये, म्हणून त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे शिकून कामावर जाता येई. १९५० साली औरंगाबादेत कॉलेज निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले.

१९५६ साली आपण धम्म स्वीकारला, पण अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळेनात. त्या मिळायला १९९० साल उजाडावे लागले. मधल्या काळात आपल्या आईबापांनी अर्धपोटी राहून पोरं शिकवली.

म्हणून बंधू-भगिनींनो, वस्तीतल्या एकाही मुलामुलीचे कॉलेज फीपायी सुटू नये, एवढे आपण विहारात बसून ठरवू या. जयभीम!