उघाडी

चार दिवस लागून राहिलेला पाऊस थांबला, ढग फाटले आणि अंगणात ऊन पडलं की घाटावरचा शेतकरी म्हणतो, 'पावसानं उघाडी दिली.' आता खुरपणी होईल, खत पडेल, खोळंबलेली कामं मार्गी लागतील. अलिबाग-पेणच्या खारेपाटात हाच शब्द काढा, ऐकणारा आभाळाकडे बघणार नाही, खाडीकडे बघेल. तिथं उघाडी म्हणजे खारबांधातलं दार. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणारं आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीला सोडणारं.

या नावाचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे. उधाणाच्या वेळी हे दार घट्ट बसलं नाही तर गावाचं भात जातं, म्हणजे त्याची खरी परीक्षा बंद होण्यात. तरी लोकांनी त्याला नाव दिलं ते उघडण्यावरून. असं का, ते मला आजोळी कळलं, श्रावण सरता सरता, अमावास्येच्या दुपारी.

मामा मला बाहेरकाठ्यावर घेऊन गेले होते. बाहेरकाठा म्हणजे खाडीला तोंड देणारा सगळ्यात बाहेरचा बांध. एका हाताला पोटरीपर्यंत वाढलेलं हिरवं भात, दुसऱ्या हाताला चढत चाललेली गढूळ खाडी, आणि आम्ही मधे, जेमतेम दोन माणसं चालतील एवढ्या मातीच्या वाटेवर. बांधाच्या पोटात दगडी मोरी होती. तिच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी चौकट, आणि चौकटीला वरच्या अंगानं टांगलेली जाड फळ्यांची झडप. वर्षानुवर्षं पाण्यात राहून फळ्या काळ्या पडलेल्या, कडेला शिंपले चिकटलेले. खाडी चढत होती आणि झडप चौकटीवर अशी दाबून बसली होती की फटीतून बोटभर धारसुद्धा आत येत नव्हती. आतल्या बाजूला सकाळपासूनच्या पावसाचं पाणी तुंबून उभं होतं, भाताच्या पहिल्या पेरापर्यंत. मला वाटलं, शेत बुडालं. मामा बांधावर उकिडवे बसले होते. म्हणाले, "थांब जरा. आता बग, पानी फिरंल."

एकच्या सुमाराला खाडी भरली आणि थबकली. मग कडेच्या कांदळाच्या खोडांवर ओल्या रेघा दिसायला लागल्या, एकेक बोटानं खाली सरकणाऱ्या. तास, दीड तास. बाहेरचं पाणी आतल्या पाण्याच्या खाली उतरलं तशी झडप थरथरली, खालच्या कडेनं एक पातळ पांढरी धार फुटली, आणि मग धप्प आवाज करून ती फळी बाहेरच्या बाजूला उचलली गेली. शेतातलं लालसर गोडं पाणी खाडीत धावायला लागलं. कुणी हात लावला नव्हता. दोन्हीकडच्या पाण्याची उंची बदलली, एवढंच.

समुद्र अडवायला नुसती भिंतही पुरते, पण रायगडच्या किनाऱ्यावर वरून कोसळणारा पाऊस भिंतीला कळत नाही. डोंगरातून उतरणारे ओढे याच सपाटीवर येतात. दार नसलेला बांध म्हणजे काठोकाठ भरलेलं ताट. भात खाऱ्या पाण्यानं मेलं नाही तर गोड्या पाण्यानं कुजेल. भरती-ओहोटीचा एक फेरा साधारण साडेबारा तासांचा. त्यातले काही तासच खाडी आतल्या पाण्याच्या खाली असते. तेवढ्या वेळात सगळं पाणी बाहेर निघालं पाहिजे, आणि दार बंद असताना त्याला आत थांबायला जागा पाहिजे. बंद तर ते भरतीपुढे होतच असतं. शेत जगतं ते त्याच्या उघडण्यावर. म्हणून उघाडी.

या दाराचं कूळ शोधत गेलं की आपण गोव्यात पोचतो. फोंडा तालुक्यातल्या बांदोड्याला सापडलेला एक ताम्रपट आहे, कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मन राजाचा, साधारण सहाव्या शतकाच्या आसपासचा. त्यात दान दिलेल्या जमिनीला 'खज्जन' म्हटलं आहे. दान घेणाऱ्यानं तिथं माणसं वसवावीत, रान तोडावं, समुद्राच्या पाण्याला बांध घालावा आणि भातशेत करावं, असा त्याचा आशय. म्हणजे राजानं दिलं ते शेत नव्हतंच, दिली ती दलदल. शेत बांधातून काढायचं होतं. तो खज्जन शब्द आजही खाजण म्हणून गोव्यात आणि आपल्या कोकणात बोलला जातो. चौदा-पंधराशे वर्षं एकाच कामाला चिकटून राहिलेले शब्द फार थोडे असतात, आणि हा त्यांतला आहे याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. खारेपाट, खारबंदिस्ती, खारजमीन यांतला 'खार' आला संस्कृत क्षारावरून, तोही तितकाच जुना गडी.

गोव्यात या दाराला मानस म्हणतात. मांडवी आणि जुवारीच्या काठांनी, त्यांना जोडणाऱ्या खाड्यांच्या आत आत, सुमारे अठरा हजार हेक्टर खाजण पसरलेलं आहे. बांध आतून चिकणमातीचा, बाहेरून जांभ्या दगडानं बांधलेला आणि त्याच्यापुढे लाटांचा मार झेलायला कांदळ. मानशीच्या आतल्या अंगाला एक खोलगट तळं राखलेलं असतं, त्याला पोंय म्हणतात. झडप मिटलेली असताना पाणी थांबतं ते या पोंयीत. ओहोटीला मानस उघडली की पाण्याबरोबर मासळीही दाराशी येते, आणि तिथं जाळं लावलेलं असतं. ही मासळी धरायचा हक्क गावकारी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, लिलावात द्यायची. गोव्याच्या बोलीत, मानशीची पावणी व्हायची. त्या पैशातून बांधाची डागडुजी. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोन्सु मेशिया यानं गोव्यातल्या गावकाऱ्यांचे रीतिरिवाज 'फोराल' नावाच्या दस्तऐवजात उतरवून घेतले, तेव्हा ही गावसंस्था आधीच जुनी झालेली होती.

ही व्यवस्था मला दारापेक्षाही मोठी वाटते. पुरापासून गाव राखण्याचा खर्च कुठून येणार, या प्रश्नाला तिनं दाराशीच उत्तर शोधलं होतं. पण भांडणही तिथंच होतं. भात पिकवणाऱ्याला दार भरतीला बंद हवं. मासळी घेणाऱ्याला ते थोडं उघडं राहिलेलं परवडतं, कारण खारं पाणी आत आलं की मासळी आणि कोळंबीही आत येते. जोवर दोन्ही हक्क एका गावसभेच्या हातात होते, तोवर भातशेतीचा शब्द अखेरचा असायचा. पुढे हक्क वेगळे झाले, मासळीला भाव आला, आणि कित्येक ठिकाणी मानशी मुद्दाम उघड्या राहू लागल्या. त्यात बुडालेली शेतं आता कांदळानं भरून गेली आहेत.

उत्तरेकडे, जुन्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, खर्चाची वेगळी वाट होती. तिथं ज्यानं भांडवल घालून खार बांधली, तो शिलोत्रीदार. बाहेरकाठा राखायची जबाबदारी त्याची, आणि त्याबद्दल त्यानं कुळांकडून बिघ्यामागे एक मण भात घ्यायचं. काही खारांत मात्र शिलोत्रीदार नव्हताच. तिथं कुळंच मिळून बांध राखायची आणि अशा जमिनींना कुळारग म्हणायचे. शिलोत्रीत भात द्यावं लागे, कुळारगात अंग मोडावं लागे. मण वसूल झाला पण बांधाकडे फिरकलं कुणी नाही, अशी वेळ आली की खार बुडायची ती कुळाचीच. खारं पाणी एकदा आत शिरलं की तेवढ्या हंगामाचं नुकसान करून परत जात नाही. माती पांढरी पडते, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे तिला धुऊन काढावे लागतात.

मुंबईच्या इतिहासातही बांध आणि दाराची हीच गोष्ट आहे, फक्त ती भिंतीच्या बाजूनं सांगितली जाते. महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी बेटांच्या आत शिरायचं, पार भायखळा-पायधुणीपर्यंत. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात, १७८४च्या सुमाराला, ते खिंडार बांध घालून बुजवलं. त्या बांधाला वेलार्ड म्हणत. मूळ पोर्तुगीज शब्द 'वालादु', म्हणजे कुंपण, बांध. समुद्र बाहेर राहिला. पण आतला सखल भाग नंतरही कित्येक दशकं पावसाळ्यात पाण्याखाली जात राहिला, कारण समुद्र अडवणारा बांध जेवढा पक्का झाला होता, तेवढी पावसाच्या पाण्याची वाट झाली नव्हती.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारी मोठी भरती होती. शहराचं पावसाचं पाणी १८६ मुखांनी समुद्राला आणि खाड्यांना मिळतं. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वर राहणारी फक्त सहा. हे आकडे मी जेव्हा पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला मामांची ती मोरी आठवली. भरती असेपर्यंत पाणी बाहेर जाणार नाही, हे तर खारेपाटात सात वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. प्रश्न एवढाच की तोवर ते थांबणार कुठं. मुंबईत पाणी थांबायच्या जागांवर, खाजणांवर, मिठागरांवर, मिठी नदीच्या काठांवर भराव पडत गेले होते. त्या दिवशी पाणी थांबलं ते लोकांच्या घरांत. पुढे शहरानं मोठी उदंचन केंद्रं बांधली. त्यांचे पंप भरतीतही पाणी उचलून समुद्रात टाकतात. ते हवेतच. पण साचायला जागाच नसेल तर पंपानं किती उपसायचं?

खाडीपलीकडे नवी मुंबई वसवताना सिडकोनं मात्र थांबायच्या जागा राखल्या. भरतीच्या पातळीखालच्या खाजण जमिनीवर वसाहती उभ्या करायच्या होत्या, म्हणून खाडीकाठी धारण तलाव खोदले आणि त्यांच्या तोंडाशी एका बाजूनंच उघडणारी दारं बसवली. भरतीला दार बंद, पाऊस तलावात. ओहोटीला दार उघडं, तलाव रिकामा. याला डच पद्धत म्हणतात. नेदरलँड्सच्या अभियंत्यांचं श्रेय त्यांचं त्यांना. पण ज्या जमिनीवर ते तलाव खोदले, तिथल्या आगरी-कोळी शेतकऱ्याला त्यात नवं काय दिसलं असेल? मोठी पोंय आणि मोठी उघाडी. आज त्यांतले बरेच तलाव गाळानं भरत आले आहेत, आत कांदळ उगवलं आहे आणि ते काढावं की राखावं यावर वाद चालू आहे. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण तलाव खोल असतानाच दरवर्षी त्यातला गाळ काढला असता, तर ही निवड करायची वेळ आली नसती, असं मला वाटतं.

खारबांधांची जबाबदारी स्वातंत्र्यानंतर हळूहळू सरकारकडे गेली. १९४८चा मुंबईचा खारजमिनींचा कायदा आणि मग १९७९चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम. सरकारी योजनेतले बांध उंच झाले, काँक्रीटच्या उघाड्या आल्या, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं खारं सोसणारी भाताची वाणं दिली. यातलं काहीही कमी लेखण्यासारखं नाही. मात्र बांधाची गस्त गावाच्या हातून सुटली. बांध फुटतो तो एका रात्रीत, पण त्याची सुरुवात चिंबोरीच्या बिळानं होते. बोटभर बीळ, त्यातून झिरपणारं पाणी, मग मूठभर भोक, आणि पुढच्या उधाणाला खांड. बीळ दिसल्याबरोबर ते बुजवायला बांधावरून रोज चालणारा माणूस लागतो. तो मुंबईला नोकरीला गेला, की बिळाचा अर्ज होतो, अर्जाची पाहणी होते, अंदाजपत्रक होतं. उधाण तोवर थांबत नाही. धरमतर खाडीच्या काठी माणकुळे, शहापूर-धेरंड या भागांत भाताची जमीन अशीच खाडीत गेली.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या गावच्या बाहेरकाठ्याला खांड पडली, तेव्हा मी गेलो होतो. मामा आता नाहीत. त्यांच्या मुलानं फोन केला होता. गावानं अष्टमी धरली, कारण त्या सुमाराची, भांगाची भरती सगळ्यात कमी चढते. सकाळी नऊला ओहोटी चांगली लागली होती, बाराला सुकती, आणि सहाला पुन्हा भरती. त्याच्या आत तोंड बुजलं पाहिजे. तीसेक माणसं होती, निम्मी पन्नाशीच्या पुढची. आधी बांबू ठोकले, दोन रांगांत. मधे पेंढ्याचे भारे आणि मातीच्या गोणी. मग चिखलाचे गोळे, हातोहात, ओळीनं उभं राहून. चिखल खाडीकडून काढायचा नाही, बांधाचा पाया पोकळ होतो, असं एक म्हातारी सारखी ओरडून सांगत होती. पायांनी तुडवून एकेक थर बसवला. तीनच्या सुमाराला दोन्ही टोकं मिळाली.

सहाला पाणी नव्या मातीपर्यंत आलं. आम्ही घरी गेलो नाही. मामेभाऊ टॉर्च घेऊन आतल्या अंगानं वाकून चालत होता, कुठं ओल फुटते का बघत. एका जागी हाताएवढा काळा डाग दिसला. तिथं दोघांनी आणखी चार गोणी टाकल्या. पलीकडे मोरीतून झडप चौकटीवर बसल्याचा आवाज आला आणि मामेभाऊ म्हणाला, "ती बसली. आता रात्री बाराला येऊ, उघरते का बघायला."